सहा महिन्यांची हजेरी

"शून्य, एक्स, सी, शून्य, शून्य, चार, एफ…" मेश्रामजी स्क्रीनवरचा एरर कोड मला फाईल नंबरसारखा वाचून दाखवत होते. मधेच थांबून त्यांनी चष्मा पुसला. "लिहून घेतोयस ना?"

"पाठ झाला," मी म्हणालो. "खाली काय लिहिलंय ते सांगा."

"विंडोज अॅक्टिव्हेट होत नाही म्हणतोय. कारण, तुमच्या संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क होत नाही." ते माझ्याकडे वळले. "कुठली संस्था? मी तर घरी बसलोय."

"तेच विचारतोय तो. घरी का बसलात, ऑफिसला का नाही आलात?"

ते हसले नाहीत. अंबादास मेश्राम विनोदावर दुसऱ्या दिवशी हसतात, तेही आजूबाजूला कोणी नसताना.

मेश्रामजी आमच्या सेक्शनचे अधिकारी होते, मार्चमध्ये रिटायर झाले. मी त्याच सेक्शनमध्ये अजून आहे, सरकारचं नशीब. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून ते दिल्लीतल्याच द्वारकेला लुंबिनीच्या, म्हणजे मुलीच्या फ्लॅटवर आले. ती सकाळी गुरुग्रामला जाते ती अंधार पडल्यावर उगवते. दिवसभर अकराव्या मजल्यावर हे एकटे. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतात आणि मग सोसायटीच्या बागेला दोन फेऱ्या मारून परत येतात. गेटवरचा वॉचमन पहिले काही दिवस त्यांना विचारायचा, "अंकल, आज छुट्टी है?" मग त्यानंही सोडून दिलं.

ऑफिसनं जुने कॉम्प्युटर लॉटनं विकले तेव्हा नेहरू प्लेसच्या एका दुकानदारानं ते उचलले. मेश्रामजींनी दुकान शोधून काढलं, तिथल्या ढिगातले एकेक चालू करून बघितले आणि त्यातून स्वतःच्या टेबलावरचा बरोब्बर निवडून घरी आणला. लुंबिनी म्हणाली होती, "पप्पा, मी नवीन लॅपटॉप घेऊन देते ना यार." हे म्हणाले, "हा सवयीचा आहे."

सहा महिने तो गुणी बाळासारखा चालला, आणि आता हे.

मी त्यांना समजावून सांगितलं. मोठी ऑफिसं विंडोजचा परवाना घाऊक घेतात. प्रत्येक मशीनला वेगळा नसतो. मशीननं फक्त अधूनमधून ऑफिसच्या नेटवर्कवर तोंड दाखवायचं. सहा महिने दाखवलं नाही की ते बंड करतं.

"म्हणजे बायोमेट्रिक हजेरी," मेश्रामजी म्हणाले.

"बिल्कुल. फक्त याला मेडिकल लीव्ह मिळत नाही. मी दोन मिनिटांत क्रॅक टाकून देतो, विषय संपला."

"चोरीचं?"

"फुकटचं."

"जयदीप, एवढ्या वर्षांत मी ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणलं नाही."

"म्हणून तर डायरेक्ट कॉम्प्युटर आणलात."

यावरही ते हसले नाहीत. अडचण खरी होती. गुरुग्रामच्या एका कंपनीनं त्यांना टेंडरची कागदपत्रं तपासायचं काम घरबसल्या देऊ केलं होतं. कॉम्प्युटर स्वतःचा हवा. कंपनीचं सॉफ्टवेअर आधी विंडोज अॅक्टिव्हेट आहे का बघणार, मगच आत शिरणार. तिथल्या ऋचा मॅडम दुसऱ्या दिवशी पाच वाजता फोन करून ते बसवून देणार होत्या. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. मेश्रामजींच्या मागे बरेच रिटायर्ड लोक रांगेत होते. दिल्लीत रिटायर्ड सेक्शन ऑफिसरांचा कधी तुटवडा पडत नाही.

"हे काम मला पाहिजे," ते म्हणाले. असं काही मागताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मग टेबलावर बोट आपटत म्हणाले, "परवाना सरकारनं याच मशीनसाठी घेतला होता ना? मग मशीन सरकारकडे घेऊन जाऊ. तोंड दाखवू दे."

कायद्यानं हे बरोबर की चूक, यावर मी डोकं लावलं नाही. भंगारात काढलेला कॉम्प्युटर हजेरी लावायला ऑफिसात येतोय, हे बघायला मिळणार होतं. मी म्हणालो, "या उद्या, दुपारी."

ते आले. डाव्या काखेत कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे सीपीयू, अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. रिसेप्शनवर त्यांचा फोटो काढून व्हिजिटर पास बनवला. खिडकीमागच्या मुलीनं विचारलं, "किससे मिलना है?"

"अपने आप से," मी मागून म्हणालो. तिनं माझं नाव लिहिलं.

डबा एक्स-रेमधून सरकला, कोणी ढुंकून बघितलं नाही. आत येणाऱ्या वस्तूत बॉम्ब नसला की आमच्याकडे सगळे खूश. दारातून आत शिरताना मेश्रामजींनी सवयीनं हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. त्यांनी अंगठा शर्टाला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"तुमचं नाव निरोप समारंभाच्या दिवशीच काढलं," मी म्हणालो. "समोसे गरम होते तेव्हाच."

"हो, नियमच आहे तसा," ते म्हणाले आणि अंगठा खिशात घातला.

त्यांच्या जागी अजून कोणाची नेमणूक झालेली नाही, त्यामुळे टेबल रिकामं होतं. दुसऱ्या टेबलावरचा मॉनिटर उचलून डब्याला जोडला, भिंतीतली केबल लावली. आयटीचा अनुराग आला. कंत्राटी आहे, म्हणून बोलवलं की येतो. त्यानं दोन कमांड टाकल्या आणि मागे रेलून बसला.

"हो गया, सर."

"इतक्या लगेच?" मेश्रामजींनी विचारलं. "नेटवर्कनं अडवलं नाही?"

"क्यों रोकेगा? इसका नाम तो लिस्ट में है. मशीनचं नाव काढायला वेगळी फाईल चालवावी लागते, सर. किसी ने चलाई नहीं."

मेश्रामजींनी स्क्रीनवरची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. कँटीनचा चहा मागवला, तो त्यांनी त्याच खुर्चीत बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. सेक्शनमधले दोघं-तिघं येऊन भेटून गेले. एकानं तर सवयीनं समोर फाईलच ठेवली आणि मग उचलून नेली.

निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. द्वारकेला पोहोचेपर्यंत पाच वाजले असते, म्हणून त्यांनी मेट्रोऐवजी कॅब बोलवायला सांगितली. ती गेटबाहेर येऊन उभीही राहिली.

गेटवरच्या गार्डनं डबा हातात घेऊन उलटा केला. बुडाशी पांढऱ्या पेंटनं ऑफिसचा नंबर रंगवलेला होता.

"गेटपास?"

"ये इनका खुद का है, भाई साहब," मी म्हणालो. "खरीदा है."

"बिल?"

नेहरू प्लेसमध्ये बिल मागितलं तर दुकानदार पाणी पाजतो, मुलाबाळांची चौकशी करतो, बिल देत नाही. मी म्हणालो, "बिल घर पे है."

गार्डनं अशी घरं बरीच बघितली असावीत. "सर जी, अंदर लाए, आपकी मर्ज़ी. बाहर जाएगा तो मेरी नौकरी. सरकारी नंबरवाला माल बिना गेटपास बाहर नहीं जाता. ऑर्डर चिपका है पीछे, पढ़ लो."

ऑर्डर वाचायची मला गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी ऑफिसातून मॉनिटर गायब व्हायला लागले तेव्हा ती मेश्रामजींनीच काढली होती. टाईप मी केली होती.

मी स्टोअरला फोन लावला. स्टोअरवाले म्हणाले, ते मशीन तर आम्ही विकलं, आमच्याकडे नाही, नसलेल्या वस्तूचा गेटपास कसा देणार? हेही बरोबरच होतं. आमच्या ऑफिसात सगळे एकाच वेळी बरोबर असतात.

गार्डला आमची दया आली असावी. आवाज खाली आणून तो मला म्हणाला, "मैं पानी पी के आता हूँ. लौटूँ और नंबर दिखे ही नहीं, तो डब्बा आपका." आणि खरंच कूलरकडे गेला.

मी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. पहिला आकडा खरवडला. पेंट सहज निघत होता, चुन्यासारखा. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात मेश्रामजींनी माझं मनगट धरलं.

"ठेव."

"अहो, पाचला फोन येणार आहे."

"माहीत आहे."

"तुमचाच माल आहे ना यार, मेश्रामजी."

"माझा आहे हे मला माहीत आहे. त्याला कसं कळणार?" ते गार्डच्या पाठीकडे बघत होते. "उद्या आणखी कोणी येईल. किल्ली त्याच्याकडेही असेल."

मी म्हणालो, हे शहाणपण सोमवारी करू, आज घरी जा. त्यांनी मनगट सोडलं नाही. गार्ड परत आला, नंबर जागेवर बघितला आणि आम्हा दोघांकडे असा बघायला लागला, जसं आम्हीच त्याला चालत्या बसमधून उतरवून ठेवलंय.

"आपने ठीक रोका," मेश्रामजी त्याला म्हणाले.

फोन पाचच्या आधीच आला. ऋचा मॅडम उत्साही होत्या, त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सर, सिस्टम अॅक्टिव्हेट हो गया?"

"हो गया, मॅडम."

"ग्रेट. तो ऑन कीजिए, मैं सॉफ्टवेअर डालती हूँ."

"वो ऑफिस में है."

"कौन से ऑफिस में, सर? आप तो रिटायर्ड हैं ना?"

मेश्रामजींनी सरळ सांगितलं, "जी. इसलिए बाहर नहीं ला सकता. आप अगले वाले को बुला लीजिए." थँक्यू म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कॅबवाल्यानं हॉर्न वाजवला. मी त्याला कॅन्सल करायला सांगितलं, तो दोन शब्द बोलून गेला. डबा मी घेतला, कारण आत जायचा अधिकार आता फक्त मला होता.

"मशीन परत मिळावं म्हणून अर्ज करतो," मेश्रामजी म्हणाले. "कुठल्या टेबलावरून जाईल?"

"तुमच्या."

या वेळी ते हसले, लगेच, माझ्यासमोर. मग व्हिजिटर पास गळ्यातून काढून गार्डला दिला, त्याच्या वहीत वेळ लिहून सही केली आणि मेट्रोच्या दिशेनं चालायला लागले.

मी डबा धरून गेटच्या आत उभा होतो. ते फुटपाथवरच्या गर्दीत सहज ओळखू येत होते. रिकामा डावा हात अजून अंगापासून थोडा लांब, कोपरात वाकलेला होता, आणि समोरून येणाऱ्यांचा धक्का लागू नये म्हणून ते त्या बाजूनं जरा जपून चालत होते.