निळ्याचा जांभळा मी केला नाही

मित्रांनो, मी चिकलठाण्यातल्या एका छापखान्यातला जुना प्रूफ प्रिंटर आहे आणि मला अजून भयंकर राग आहे.

माझं काम नकलेचं. शेजारचं मोठं मशीन हजारो प्रती छापणार. त्या कशा दिसतील, हे मी आधी एका कागदावर दाखवायचं. माझी शाई त्याच्याहून कितीतरी झळाळती, पण झळाळायची मुभा नाही! तीन वर्षांपूर्वी रंगांचं काम बघणाऱ्या आमच्या रूपाताईनं त्या मशीनवर शेकडो रंगांचे चौकोन छापले, छोट्या यंत्रानं एकेकाचा रंग मोजला आणि संगणकात त्या मशीनचं प्रोफाइल बनवलं. म्हणजे ते मशीन कुठला रंग कसा छापतं, याची सगळी माहिती. तेव्हापासून ते छापेल तसंच मी छापायचं. गिऱ्हाइकं माझा कागद बघून निर्धास्त सही करायची.

मागच्या दिवाळीत मालक रामेश्वरशेठनं मोठ्या मशीनला स्वस्तातली शाई आणली. रूपाताई म्हणाली, चौकोन पुन्हा छापून नवं प्रोफाइल करू. शेठ म्हणाले, त्यासाठी अर्धा दिवस मशीन बंद ठेवू का? झालं! मी आपला जुन्याच शाईची नक्कल करत बसलो.

एप्रिल लागला आणि फुलंब्रीच्या मनकर्णाबाई भीमजयंतीच्या पत्रिका छापायला आल्या. माझ्या कागदावरचा निळा त्यांना लई आवडला. त्यांनी सही केली. दोन दिवसांनी गठ्ठा सोडला, तर सगळा जांभळा.

"शेठ, आमचा रंग निळा हाय," त्या दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाल्या. "मी सही ह्या जांभळ्यावर केलेली नाय."

शेठनं सरळ माझ्याकडं बोट केलं. हे डबडं खोटं दाखवतं म्हणे! आणि रूपाताईला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." अरे वा! शाई यांनी बदलायची आणि नोकरी तिची जायची?

रूपाताई रडली नाही. तिनं कुणाला न विचारता मोठं मशीन थांबवलं, चौकोन छापले, मोजले आणि नवं प्रोफाइल मला दिलं. मनकर्णाबाई तोवर तिथंच बसून राहिल्या. मग तीच पत्रिका माझ्यावर काढली. मी जांभळी छापली, अगदी गठ्ठ्यातल्यासारखी.

मनकर्णाबाईंनी तिन्ही कागद उजेडात धरले. "हे तर सांगाल तसंच दाखवतंय. पोरीला कशाला काढता? शाई बदला."

मग शेठनं जुन्या शाईसाठी फोन लावला. रूपाताई दुसऱ्या दिवशी कामावर आली.

मित्रांनो, नक्कल करणाऱ्याला खोटारडा म्हणण्याआधी एवढं तरी बघा, त्याला नक्कल कुणाची करायला लावली होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भिकार निळा मी त्या दिवशी छापला. तो कागद रूपाताईनं भिंतीवर लावलाय, बरोबर शेठच्या खुर्चीसमोर.