बिनशपथेचा मानूस

मारुतीच्या पारावर अर्धं गाव वाट पाहून राहिलं होतं, अन् आमचा मानूस घरात बसून चाकूले धार लावत होता. माहं डोकं असं फिरलं का हातातली परात म्या आंगनात फेकून देल्ली.

ब्याऐंशीच्या थंडीतली गोष्ट हाय. लोधीखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, जिकडे तिकडे संत्र्याचे बगीचे. माह्या पोरीचा, नलूचा बाप, श्रावण नाव त्यायचं, कलमा बांधनारा. जंभेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या, रोपाची साल चाकूनं चिरायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीचा डोळा, म्हंजे कोंब, सरकवायचा, वरून पट्टी बांधायची. साल फाटली का डोळा वाळला. अन् मोहाची पिऊन पिऊन त्यायचा हात कापाले लागला होता.

तीन डाव त्यायनं पारावर शपथ घेतली होती. गावाची रीतच तशी. गुलाल लावायचा, नारळ फोडायचा, लोकं टाळ्या पिटनार. तिन्ही डाव मोडली. अन् मोडली का महिना महिना शुद्ध नाई, कारन आता मोडलीच हाय तर उरलं काय? चौथ्या डावी ते म्हनाले, शपथ घेत नाई, कमी करतो. बाजाराच्या दिवशी दोन गिलास, बाकी दिवस बंद.

गाव हासलं. पेनारा चालते, माळकरी चालते, हा मधातला कोन? म्याबी कमी तोंड सोडलं नाई. पन सहा महिने निभावलं त्यायनं. एक डाव दोनाचे चार झाले, तर दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन कामाले गेले. संध्याकाळ मोठी वाटाले लागली तवा घरामांगं जंभेरीचा वाफा टाकला, नलूले डोळा काढाले शिकवलं. पहिले बापाचा आवाज आला का पोरगी शेजारी पळे. आता ती त्यायच्याजवळ बसून बडबड करे.

हे सारं दिसत होतं मले. तरी राग होता, कारन गावातले मोठे बगीचेवाले भैय्याजी, त्यायनं नवा बगीचा लावला होता अन् कलमा बांधायचं दोन महिन्याचं काम होतं. त्यायचा निरोप आला होता का श्रावणनं पारावर येऊन शपथ घ्यावी, मंगच काम. अन् त्या दिवशी गाव पारावर जमलं तरी हे गेलेच नाई. काम सुरेशले भेटलं, तोबी कलमा बांधनारा अन् तोबी पेनारा. त्यानं गुलाल लावला, नारळ फोडला अन् आठव्या दिवशी नाल्याच्या काठी पडला होता.

मी महिनाभर यायच्याशी धड बोलली नाई. येका शपथेनं तोंड झिजत होतं का, म्हटलं. आवाज न चढवता ते म्हनाले, "कमल, शपथ मोडली का मी पुरा बुडतो. हे मले ठावूक हाय, गावाले नाई." मले तवा तो बहानाच वाटला.

पौष संपता संपता भैय्याजी सोता दारात आले. सुरेशनं बांधलेले डोळे काळे पडले होते. खाटेवर बसले, चहा नाई म्हनाले. मंग हळूच बोलले का शपथ राहू दे श्रावण, उद्यापासून ये. फक्त गावात सांगजो का घेतली. माहा शब्द खाली नाई पडला पायजे.

हे मान खाली घालून बसले. काम हातचं जाईन म्हनून हो म्हनतील का काय, असं वाटलं मले. अन् तवा जो राग आला ना, तो यायच्यावर नव्हता.

"ते नाई सांगनार," मी म्हटलं. "अन् तुमी बी नाई सांगायचं, भैय्याजी. कोनी इचारलं तर सांगा, हा मानूस बाजाराच्या दिवशी दोन गिलास पेते अन् बाकी दिवस कलमा बांधते. शपथवाला पायजे तर सुरेश हाय तुमच्याजवळ."

भैय्याजीसमोर बाईमानूस असं बोललं नसन कधी. धोतर झटकून उठले, दारापर्यंत गेले, अन् पाठमोरेच म्हनाले का सकाळी लवकर या, दहिवर वाळलं का सुरू करा.

सकाळी निघताना यायनं मले इचारलं, "तू कवापासून माह्या बाजूनं झाली?"

"भाकर घ्या," मी म्हटलं. "अन् माह्याकडे काय पाहाता? तिकडे साल पाहून बांधजा, फाटाले नाई पायजे."