एकोणिसावं मिनिट

मी माझं पहिलं मिक्स अकरा जणांना पाठवलं. नऊ जणांनी अंगठा पाठवला, एकाने दोन अंगठे पाठवले आणि अकराव्याने विचारलं, "हे काय आहे?" अंगठ्यांच्या जिवावर कुणी डीजे झाल्याचं ऐकिवात नाही. मला कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. कुठे जमलं, कुठे फसलं, पुढे शिकावं की गाणी मिसळायचा डेक विकून गप्प बसावं, एवढंच.

तासाभराचं मिक्स होतं. नुसती वाद्यं आणि ठेका, गाणारं कुणी नाही. पंधरा तुकडे, एकातून दुसऱ्यात अलगद नेलेले. सुरुवातीला मिनिटाला शंभर ठोके आणि शेवटी एकशे अठ्ठावीस, पण मधली चढण इतकी सावकाश की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. ती चढण जमवण्यात माझे चार महिने गेले. मावशीच्या घरातल्या मागच्या खोलीत, जुना विकत घेतलेला डेक कपाटावर ठेवून, उभ्याउभ्या. मावशी दारातून डोकावायची, माझ्या कानांवरचे हेडफोन बघायची आणि म्हणायची, "बहिरी होशील एक दिवस, मग बस बोंबलत." आवाज कधी खोलीबाहेर आलाच नाही, त्यामुळे मी आत काय शिजवतेय ते तिला कधी कळलं नाही.

आम्ही दोघी कामाला एकाच ठिकाणी. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री आहे, तिथे मावशीनेच मला चिकटवलं. घड्यांच्या हॉलमध्ये बारा टेबलं, प्रत्येक टेबलाशी दोघी. चादर दोघींनी धरायची, झटकायची, टोकं जुळवायची, एकमेकींकडे चालत यायचं, घडी घालून ठेवायची, परत मागे. माझी जोडी मावशीबरोबर. दिवसभर तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ येतो आणि लांब जातो. एवढ्या जवळून इतक्या वेळा मी स्वतःलाही आरशात पाहिलेलं नाही. एक चादर झाली की टेबलावरचं बटण दाबायचं, म्हणजे समोरच्या भिंतीवरच्या पाटीवर आपल्या जोडीचा आकडा वाढतो. तासाला दीडशे म्हणजे बरं काम. आम्ही दोघी बऱ्या होतो.

एका सोमवारी हॉलमधला रेडिओ जळाला. सुपरवायझरने विचारलं, कुणाकडे गाणी आहेत का? जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि पेन ड्राइव्ह दिला.

"माझं आहे हे कुणाला सांगू नका, साहेब."

"का? चोरीचं आहे?"

"नाही हो. मीच केलंय. पण तोंडावर कुणी खरं बोलत नाही. मला बायका खरं काय बोलतात ते ऐकायचंय."

त्याने खांदे उडवले आणि पेन ड्राइव्ह लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दुपारी मला माझ्याइतकी हुशार बाई सात गावांत नसेल असं वाटत होतं.

शेजारच्या टेबलावर तिखट असते. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल, आम्ही जिभेवरून तिला तिखट म्हणतो. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "हे मेलं संपतं कुठे आणि सुरू कुठे होतं, काही कळत नाही बाई." माझ्या हातून चादर सुटता सुटता राहिली. ह्याच एका वाक्यासाठी मी चार महिने जीव काढत होते. आणि मावशी म्हणाली, "बरं आहे की. पाय आपोआप पडतात." त्या संध्याकाळी घरी जाताना मी तिची पिशवीही उचलली. ती म्हणाली, "आज काय, पगार वाढला की काय तुझा?"

शुक्रवारी सुपरवायझरने बोलावलं. टेबलावर कागद होता, त्यावर दर पाच मिनिटांचे आकडे.

"एकशे नव्वदपर्यंत जातायत बायका," तो म्हणाला. "रेडिओवर कधी गेल्या नाहीत. पण एकोणिसाव्या मिनिटाला ढेपाळतात. दर वेळी. मी चार दिवस बघतोय. तिथे काय केलंयस तू?"

एकोणिसाव्या मिनिटाला दोन तुकडे एकमेकांत जातात आणि त्यांचे सूर जुळत नाहीत. मी वरून जरा घुमारा टाकून ते झाकलं होतं. अकरातल्या एकालाही ते सापडलं नव्हतं. आणि हा माणूस, ज्याला साधी शीळ सुरात घालता येत नाही, त्याने ते चादरी मोजून शोधलं होतं.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "सूर भांडतात तिथे."

"मग भांडण मिटव. आणि सुरुवातीची दहा मिनिटं फार मवाळ आहेत. ती काढ."

तेही खरं होतं. सुरुवात मला स्वतःलाच रेंगाळलेली वाटायची. मी घरी गेले, तुकडा बदलला, सुरुवात कापली, आणि काम करताना चक्क गुणगुणत होते. दोष द्यायचा तर मी स्वतःला तिथे देते. आकडा कशाने वाढलाय हे मला तोपर्यंत पक्कं कळलं होतं. ठेका चढतो, हात ठेक्यामागे जातात, आणि चढण कुणाला कळू नये म्हणून मीच तर घासून घासून गुळगुळीत केली होती. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम मिनिटामिनिटाने ऐकलं होतं. मला त्याचा पुढचा कागद हवा होता. लाज वाटते, पण हवा होता.

सोमवारी नवं मिक्स लागलं आणि आधीचं एकोणिसावं, आता नववं झालेलं मिनिट कधी आलं नि गेलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दिवसातून नऊ वेळा ते वाजायचं. संपलं की लगेच पहिल्यापासून, आणि आता सुरुवातीला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. दमल्या की बायका त्या गाण्यालाच शिव्या घालायच्या. तिसऱ्या आठवड्यात मावशीचा उजवा अंगठा सुजला. चादर धरताना ती अंगठा वेगळा ठेवायला लागली आणि टोकं निसटायला लागली. मी दोन पावलं जास्त चालायचे, म्हणजे तिला दोन कमी पडावीत. तिच्या ते ध्यानात आलं.

रात्री जेवण झाल्यावर ती गरम पाण्याच्या टोपात हात बुडवून बसली आणि म्हणाली, "वय झालं ग माझं. आधी कसं, कामाला पुरून उरायची मी. आता हातच मागे राहतात. तिखट बघ, माझ्याच वयाची आहे, पळतेय."

तिखट पळत होती ती दुखणं दाबायच्या गोळ्या खाऊन, ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तसं काही नाही."

"नाही कसं? शरीर आपलं, आपल्याला कळतं." ती अंगठा चोळत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो, तसं झालं होतं माझं. फरक इतकाच की तोंड दाबणारा हातही माझाच होता.

शनिवारी हॉलच्या दारावर कागद लागला. पुढल्या आठवड्यापासून प्रत्येक जोडीने तासाला एकशे नव्वद द्यायचे. जी जोडी त्यात कमी पडून सगळ्यांत मागे राहील, तिच्यातल्या थोरलीने मळक्या खोलीत जायचं.

मळकी खोली म्हणजे न धुतलेल्या चादरी येतात ती. इस्पितळांतल्याही. त्या हातांनी निवडायच्या, उलगडायच्या, त्यांत काय गुंडाळून आलंय ते बघायचं. मावशीने तिथे सहा वर्षं काढली होती. तिथून ती घड्यांच्या हॉलमध्ये आली तेव्हा, आई सांगते, तिने आठवडाभर सारखे हात धुतले होते आणि मग रडली होती. कागद तिने दोनदा वाचला. पिशवी खांद्याला लावून माझ्यापुढे चालत राहिली.

मी उलटी फिरले आणि थेट केबिनमध्ये शिरले.

"ते बंद करा, साहेब. माझं आहे ते, मला परत द्या."

मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने शांतपणे पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"घे. तुझीच वस्तू."

"आणि कागद?"

"कागद वरून आलाय. एकशे नव्वद होतात हे वरच्यांना दिसलंय ना आता. तू गाणं लाव, नको लावू, आकडा तोच राहणार."

"माझ्या मावशीला मळक्या खोलीत नका पाठवू."

"आकडा आला तर मी कशाला पाठवीन? मला काय हौस आहे?" तो खरंच वैतागला होता. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी हॉलमध्ये गाणं नव्हतं. चादरी झटकल्याचा फटफट आवाज, बटणांची टकटक, आणि चोवीस बायकांचे श्वास. सगळ्या सारख्या पाटीकडे बघत होत्या. पहिल्या तासाला आमचा आकडा एकशे एकसष्ट झाला. दुसऱ्या तासाला एकशे अठ्ठावन्न. आमच्यामागे कुणी नव्हतं. मावशीच्या कपाळावर घाम होता आणि प्रत्येक घडीला ती ओठ मिटून घेत होती. ठेका असताना हे तोंड मला असं दिसलं नव्हतं.

"आज गाणं का नाही?" तिखट ओरडली. "ते मेलं का होईना, लावा की! हात कसे जड झालेत."

"हो ना," दुसऱ्या टेबलावरून कुणी म्हणालं. "दिवस सरकत नाहीये."

मावशी माझ्याजवळ आली, टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बघ. गाणं नाही, तरी मी मागेच. म्हणजे गाण्याचा दोष नव्हता. माझाच आहे."

मला ते सहन झालं नाही.

"ते गाणं मी केलंय," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, तिखटला ऐकू जाईल असं. "मागच्या खोलीत बसून करत होते ते हेच. ते हळूहळू जोरात जातं. तुम्हाला कळू नये असं केलंय मी. तुमचे हात त्याच्यामागे पळले आणि त्यावरून हा आकडा लागला. तुझं वय नाही झालं, मावशी. दीडशेला तू कधी मागे नव्हतीस."

आसपासच्या दोन टेबलांवरचे हात थांबले. मावशीच्या आणि माझ्यामध्ये अर्धी घडी लोंबत होती.

"तू केलंस?" मावशी म्हणाली.

"हो."

"सगळं? ते एकातून एक निघतं ते?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग होता, पण नुसता राग नव्हता, आणि ते दुसरं जे काही होतं ते मला रागापेक्षा जास्त लागलं. "शिव्या घातल्या ग आम्ही त्याला," ती म्हणाली.

तिखट म्हणाली, "मी अजूनही घालते. पण बाई, आता एकशे नव्वद काही खाली येत नाहीत. मुक्याने मरायचं त्यापेक्षा नादात मरू. जा, लाव जा."

मी मावशीकडे बघितलं. तिने पाटीकडे बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडे.

"लाव," ती म्हणाली. "मला त्या खोलीत नाही जायचं."

पेन ड्राइव्ह माझ्या खिशातच होता. मी केबिनमध्ये जाऊन तो पुढे केला आणि सुपरवायझरने लावला. मी परत येऊन चादरीची टोकं धरली. ठेका सुरू झाला. आता सगळ्यांना ठाऊक होतं की तो चढणार आहे. विसेक मिनिटांनी तिखटने मान वर केली, "चढलं बघ," म्हणाली आणि पुढची चादर झटकली. कुणाचे हात थांबले नाहीत. माझेही नाहीत. त्या तासाला आमचा आकडा एकशे एक्क्याण्णव झाला. आठवडाभर आम्ही तो धरून ठेवला. गुरुवारी मळक्या खोलीत दाराजवळच्या टेबलावरची एक बाई गेली, जिच्याशी मी कधी धड बोलले नव्हते. जाताना तिने आपला रुमाल टेबलावरच ठेवला होता, तो दोन दिवस तिथेच पडून होता.

त्या शनिवारी रात्री मावशी टोपात हात बुडवून बसली होती. मी मागच्या खोलीत गेले नाही, तिच्यासमोर बसले. बराच वेळ ती पाणी हलवत राहिली.

"छान केलंयस ग," ती म्हणाली. "मला त्यातलं कळत नाही, पण छान केलंयस. फक्त कुठेतरी संपव ते."

खरं सांगणारं माणूस मला शेवटी मिळालं होतं. मी मान हलवली आणि पाणी थंड झालं होतं म्हणून टोप उचलून परत गरम करायला ठेवला.