हातांवरचा आळ

अनुषाने काटा ऐंशीवर नेला आणि स्टिअरिंग तिच्या हातांत थरथरू लागलं.

"आई, बघ गं. दोन्ही हातांनी घट्ट धरलंय, तरी बघ."

पद्मावतीबाईंनी बघितलं. लेकीचे पस्तिशीतले धडधाकट हात, आणि चाकाबरोबर ते बारीक बारीक हलत होते. मनगटातली एकुलती बांगडी घड्याळावर किणकिणत होती. होसूर रस्त्याचा उड्डाणपूल सरळ समोर पसरला होता. आनेकलच्या गणपतीसाठी घेतलेली दूर्वांची पुडी पद्मावतीबाईंनी मांडीवर दाबून धरली.

अनुषाने वेग कमी केला. साठवर सगळं शांत झालं.

"परत ने."

"काय?"

"परत ऐंशीवर ने, अनु."

परत बांगडी किणकिणली. या वेळी पद्मावतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दसरा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा विश्वेश्वरराव याच पुलावर म्हणाले होते, "पद्मा, गाडी थरथरतेय." मागच्या सीटवरून अनुषाच बोलली होती, "अप्पा, सस्पेन्शनचं सगळं काम होऊन महिना नाही झाला. गाडी नाही, तुमचे हात थरथरतायत." विश्वेश्वररावांनी आरशातून लेकीकडे पाहिलं, मग शेजारी बायकोकडे. पद्मावतीबाई म्हणाल्या होत्या, "बाजूला घ्या. उरलेला रस्ता ती चालवील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली खुंटीवरून काढली आणि देवघरात समईमागे ठेवली. आंघोळ केल्याशिवाय विश्वेश्वरराव देवघराला हात लावत नसत. आंघोळ करूनही त्यांनी ती किल्ली कधी उचलली नाही. त्या दिवसापासून गाडी अनुषाच चालवायची, कधीही साठच्या वर नाही.

पुढे संक्रांतीनंतर हात खरोखरच थरथरू लागले. डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं. पद्मावतीबाईंनी त्या दिवशी एकभुक्त धरलं, दुपारचं एकच जेवण, यांचे हात स्थिर होईपर्यंत. श्रावणात विश्वेश्वरराव गेले. नवस फळला नव्हता, म्हणून त्यांना तो सोडताही आला नाही. संध्याकाळचं पान बंदच राहिलं. एक मात्र त्या मनाशी धरून होत्या, की किल्ली काढून घेतली ते बरंच केलं. दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, आपल्याला ते आधी दिसलं.

"अप्पा गेल्यापासून आठ महिने एका जागी उभी होती ना," अनुषा म्हणाली. तिचा आवाज जरा घाईचा होता. "टायर चपटे झाले असतील. होतं म्हणे तसं. नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीला."

"होतं का?"

"होतं गं."

आनेकलला पद्मावतीबाईंनी दूर्वा वाहिल्या. दर चतुर्थीला काही ना काही मागायच्या. आज एवढंच मागितलं, टायरच चपटे असू देत.

परतताना अनुषाने गाडी मल्लेश्वरममध्ये खंडोजींच्या गॅरेजकडे वळवली. सस्पेन्शनचं काम त्यांनीच केलं होतं. तीन पिढ्यांपासून इथलेच; घरात मराठी, बोलताना निम्मं कन्नड. गाडी ओळखून ते हात पुसत पुढे आले, आणि पद्मावतीबाईंना पाहून पुसतच राहिले.

"या अक्का, या. विश्वेश्वरअण्णांच्या मागं गाडी बाहेर काढलीच नव्हती वाटतं?"

"खंडोजीअण्णा, ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं," अनुषा म्हणाली. "साठला काही नाही. ब्रेक दाबला म्हणून वाढत नाही. तुम्ही एकदा चालवून बघा."

"नको, चालवायला नको."

"अहो, न चालवता कसं कळणार? हातांनाच डोळे फुटलेत की काय तुमच्या?"

ते हसले नाहीत. टॉर्च घेऊन पुढच्या चाकाशी बसले, आणि आऱ्यांमधून आत बोट घालून थेट एका जागी थांबले. मग दुसऱ्या चाकाशी गेले. तिथेही थेट तीच जागा. उठताना कुणाकडे न बघता म्हणाले, "टायरच. उभं राहून राहून चपटं झालंय, अक्का. स्वल्प वेळ द्या, सरी करून देतो, एकदम नीट."

"बघ, म्हणत नव्हते मी?" अनुषाने मोठा श्वास सोडला.

पद्मावतीबाईंनीही हात जोडले असते. पण त्यांची नजर टॉर्चबरोबर आत गेली होती. चाकाच्या आतल्या कडेवर, चकचकीत धातूवर, डिंकाचा एक काळपट पट्टा राहिला होता. चार बोटं लांब.

तो पट्टा त्यांनी पाहिला होता. पट्टा नव्हे, त्यावर जे होतं ते. त्याच दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीची सकाळ होती. पूजेआधी त्यांनी चारही चाकं चिंचेने आणि काथ्याने घासली होती, देवाची उपकरणी घासावीत तशी. आत राखाडी चौकोनांची एक पट्टी चिकटलेली दिसली. गॅरेजवाल्यांनी काम केलं पण घाण तशीच ठेवली, असं पुटपुटत त्यांनी उलथण्याच्या टोकाने ती खरवडून काढली होती. एका चाकाची निघाली, मग सगळ्यांच्याच. स्वच्छ चाकांवर गंध उमटलं तेव्हा किती बरं वाटलं होतं.

"खंडोजी, तिथे काय होतं?"

"कुठं?"

"डिंक राहिलाय तिथे."

"काही नाही हो. जुनं."

"मी देवाला जाऊन येतेय. खोटं नका सांगू."

खंडोजींनी टॉर्च विझवली. चाळा म्हणून परत लावली, परत विझवली.

"वजनं होती, अक्का. चाक एकीकडे जड असलं की वेगात थरथरतं. जड बाजूच्या समोर वजन चिकटवून तोल साधायचा. कामानंतर मीच लावली होती."

"तुम्ही न शोधताच बरोबर तिथे बोट घातलंत."

टेबलाच्या खणातून त्यांनी एक घडी केलेला रुमाल काढला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने 'वि' काढलेला होता. टाका पद्मावतीबाईंचा होता. आत राखाडी चौकोनांची एक वाकलेली पट्टी होती.

"गेल्या उन्हाळ्यात अण्णा ऑटो करून आले होते. म्हणाले, फाटकाशी पारिजातकाच्या बुडात सापडलं, काय आहे हे? मी सांगितलं. म्हटलं गाडी आणा, अर्ध्या तासाचं काम. तर त्यांनी हात असा पुढं केला माझ्या." खंडोजींनी आपला हात पुढे धरला आणि लगेच मागे घेतला. "कॉफीचा पेला धरवत नव्हता. म्हणाले, तेव्हा गाडी थरथरत होती खंडोजी, आता हेच थरथरतायत. आता सांगून काय करू?"

"आम्हाला का नाही सांगितलं?" अनुषाचा आवाज चिरकला.

खंडोजी तिच्याशी नाही, रुमालाशी बोलल्यासारखे बोलले. "म्हणाले, चाकं तिनं पूजेसाठी घासली. माझ्या हातांपायी एक जेवण सोडलंय, हे कळलं तर दुसरंही सोडील. घरी बोलू नका म्हणाले. मी शब्द दिला होता, अक्का."

गॅरेजमध्ये कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. पद्मावतीबाईंनी रुमाल घेतला. पट्टी हातात तोलून पाहिली. हळदीच्या कांड्याएवढंही वजन नव्हतं.

खंडोजींनी एकेक चाक मशीनवर चढवून फिरवलं, नवी वजनं लावली. घरी जाताना ते तपासायला अनुषाने गाडी पुन्हा मोठ्या रस्त्याला नेली. ऐंशी, नव्वद. बांगडी वाजली नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही ती हात सोडत नव्हती.

दिवेलागणीला पद्मावतीबाईंनी समई लावली. समईमागे किल्ली ठेवायची जागा रिकामीच होती. तिथे त्यांनी रुमाल ठेवला, आणि बाहेर येऊन स्वयंपाकघरात पाट मांडला.

"मला वाढ, अनु."

"आई? तुझं एकभुक्त?"

"वाढ."

अनुषाने भात वाढला, वर सार घातलं. पद्मावतीबाईंनी चित्राहुती घातल्या, पानाभोवती पाणी फिरवलं. सव्वा वर्षात पहिल्यांदाच संध्याकाळचा घास त्यांनी उचलला, आणि तो सांडू नये म्हणून, विश्वेश्वररावांच्या हाताखाली धरायच्या तसा, दुसरा तळवा खाली धरला.