डाव्या सिंहाखालचं बिऱ्हाड

इद्रीसचाचा राहतात कुवेतला आणि ओरडतात आमच्या मोहल्ल्यात. रोज संध्याकाळी, मगरिबच्या जरा आधी. त्यांच्या बंगल्याच्या दारावर कॅमेरा आहे, कॅमेऱ्याला स्पीकर आहे, आणि त्या स्पीकरमधून चाचा कोल्ह्यांना हाड हाड करतात. पहिल्या दिवशी कोल्हीण दचकून पळाली. दुसऱ्या दिवशी तिने नुसती मान वर करून बघितलं. तिसऱ्या दिवसापासून चाचांचा आवाज ऐकला की ती येते, कारण बोअरच्या मोटारीला टायमर आहे आणि नेमकी त्याच वेळेला टाकी भरून वाहायला लागते. चाचा तिला जेवणाच्या घंटेसारखे उपयोगी पडतात. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कॅमेरा मीच बसवलाय. मिरजोळ्याला एमआयडीसीत एका बर्फाच्या कारखान्यात मी वायरिंग बघतो, त्यामुळे आमच्या खानदानात जे जे भिंतीला लागतं ते मलाच लावावं लागतं. ॲपची भाषा चाचांनी मराठी ठेवलीय, गावची याद म्हणून. समोर काही हललं की ॲप त्यांच्या मोबाईलवर सांगतं. कोल्हीण आली की 'माणूस आढळला'. माझी अम्मी आली की 'प्राणी आढळला'.

यात कंपनीची चूक आहे असं मला वाटायचं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, त्यावरून ओढणी आणि चढावर वाकलेली बाई, हे यंत्राला कोणी शिकवलं नसेल. पण चाचांनी तो फोटो, खाली 'प्राणी आढळला' असं लिहिलेला, खानदानाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'आपली माणसं'. एकतीस जण हसले. रुबिनाचाची चार वेळा हसली, तीसुद्धा डोळ्यांतून पाणी येणारं हसू. अम्मीने मला फोन मागितला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "हंडा चांगला आलाय."

मग तिने भाकऱ्या केल्या. त्या दिवशीच्या भाकऱ्या एवढ्या पातळ झाल्या की पलीकडचं दिसत होतं. अम्मी रागावते तेव्हा थापत राहते.

आता हंड्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा मोहल्ला सड्यावर. खाली सगळा जांभा. आमच्या विहिरीला मार्चअखेर तळ दिसतो, मग पावसाळ्यापर्यंत खाडीकडच्या सार्वजनिक विहिरीवर जायचं, उतरताना वीस मिनिटं आणि चढताना विचारू नका. चाचांच्या बंगल्याला बोअर आहे, आणि बंगल्याची चावी अकरा वर्षं अम्मीकडे आहे. चावी म्हणजे नळ. बदल्यात अम्मी जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, रिकाम्या खोल्यांतून लोबान फिरवते, जुम्याला खिडक्या उघडते, झाडून घेते. बंद घराला माणसाचा वास लागला पाहिजे असं आमच्यात मानतात, नाहीतर दुसरंच कोणी येऊन राहतं. पगार नाही. घरचंच आहे. अब्बा गेल्यावर तर फारच घरचं झालं.

एवढं करूनही दुसरं कोणी येऊन राहिलंच. फाटकावर चाचांनी सिमेंटचे दोन सिंह बसवलेत. सिंह भरीव, पण खालचे चौथरे गवंड्याने पोकळ ठेवले. डाव्या सिंहाच्या चौथऱ्याचा मागचा चिरा निघाला आणि तिथे कोल्हीण व्याली. चार पिल्लं. पाणी दहा पावलांवर, वर सिंहाचा पहारा. अशी जागा रत्नागिरी शहरात भाड्याने मिळत नाही.

अम्मीचं कोल्ह्यांवर प्रेम आहे असा कोणाचा समज होऊ नये. तिच्या सात कोंबड्या त्यांनी नेल्या. सातही जणींचे रंग तिला पाठ आहेत. एकदा तिने कोल्हिणीला चप्पल फेकून मारली, ती कोल्हीण घेऊन गेली. तेव्हापासून अम्मीच्या दोन पायांत दोन जातीच्या चपला आहेत. पाण्याला जाताना ती सिंहाजवळ थांबते, चौथऱ्याच्या भोकात बघून अर्धा मिनिट शिव्या घालते आणि पुढे जाते. कोल्हीण ऐकून घेते. दोघींचं तसं ठरलेलं आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अम्मी हंडा भरून निघाली आणि कॅमेरा बोलला.

"भाबी, जरा थांबा."

अम्मी थांबली. मी कळशी घेऊन मागे होतो. चाचांचा आवाज स्पीकरमधून येतो तेव्हा बाथरूममध्ये बसून बोलल्यासारखा येतो.

"बारा तारखेला आम्ही येतो. आमच्या तूबाची मंगनी बंगल्यावरच करायची म्हणतो. त्याच्या आत ते साफ झालं पाहिजे."

"काय साफ?"

"कोल्हे हो. पावणे फाटकातून येणार आणि खालून पिल्लं बाहेर येणार, बरं दिसेल काय? उमेर कोंबडी आणि औषध आणून देईल. कोंबडीला औषध लावायचं, तिथे ठेवायचं. तुम्ही रोज तिथे थांबता, तुमच्या हाताची त्यांना सवय आहे, संशय यायचा नाय."

अम्मीच्या डोक्यावर सतरा लिटर पाणी होतं. तिने हंडा सावरला. मी बोललो.

"चाचा, ते गुन्ह्यात बसतं. फॉरेस्टवाले उचलतील."

"कायदा कुवेतला असतो, कैफ. गावात कुठला कायदा?"

"पिल्लं मोठी झाली की आपण होऊन जातात. महिना दीड महिना."

"बारा तारखेनंतर महिना दीड महिना मला काय करायचाय? भाबी, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. चावी उमेरकडे देतो. त्याचा काय नळाबिळाचा प्रश्न नाय."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला. बंद झाला म्हणजे चाचा गेले. वाटेत अम्मी एवढंच म्हणाली, "अकरा वर्षांत पहिल्यांदा नळ मोजला त्याने."

मी फॉरेस्टला फोन केला. पलीकडे कोणीतरी जेवत होतं.

"कोल्हा चावला काय?"

"नाही."

"मग कोणी कोल्ह्याला चावलं काय?"

"अजून नाही. पण तयारी चाललीय."

त्याने जेवण थांबवलं आणि नीट सांगितलं. पिल्लं असताना हात लावायचा नाही, पाऊस पडायच्या आत ती निघतील, आणि कोणी विष ठेवलं तर फोटो काढून पाठव, बाकी आम्ही बघतो. माणूस बरा होता. मी हे सगळं चाचांना लिहून पाठवलं. चाचांनी अंगठा वर केला. हा अंगठा म्हणजे काय ते मला दोन दिवसांनी कळलं, उमेर आला तेव्हा.

उमेर माझ्या फुफीचा, म्हणजे आत्याचा मुलगा. हातखंब्याला त्याचं टायरचं दुकान आहे, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीत हवा भरायची की काढायची एवढंच तो बघतो. त्याने आमच्या ओट्यावर आइस्क्रीमचा चौकोनी डबा ठेवला, शेजारी हिरव्या झाकणाची बाटली.

अम्मीने डबा उघडला. आत कोंबडीच्या तंगड्या, लालभडक.

"हे काय लावलंय?"

"तंदुरी मसाला. रात्रभर मुरवलाय, मामी."

"कोल्ह्याला?"

"औषधाचा वास मारायला. औषध बाटलीत हाय, वाढताना घालायचं."

वाढताना. हा शब्द उमेरच्या तोंडून सहज गेला. अम्मीने डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. आमच्या घरात हे तिच्या सबुरीचं शेवटचं थांबण्याचं ठिकाण आहे. त्यापुढे रस्ता नाही.

"बाटली खिशात घाल," ती उमेरला म्हणाली. "माझ्या ओट्यावर ती ठेवायची नाय."

"पण मामी, इद्रीसमामू..."

"त्याच्याशीच बोलायला जाते."

ती एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चावी घेऊन निघाली. हंडा घेतला नाही. ओढणी खांद्यावरच होती. मी मागे, उमेर माझ्या मागे, आणि रस्त्यात भेटेल तो उमेरच्या मागे. बंगल्याच्या पायरीवर ती कॅमेऱ्यासमोर सरळ उभी राहिली. लाल दिवा लागला.

"भाबी? काय झालं?"

"काय आढळलं रे तुला आत्ता?" अम्मीने विचारलं. "वाच."

मी माझ्या फोनवर बघितलं, ॲप माझ्याकडेही आहे. 'प्राणी आढळला'. हंडा नव्हता, कळशी नव्हती, पाठ सरळ होती. कंपनीवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

"इद्रीस, मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू सातवीत होतास. तुझा डबा कोण भरायचं?"

"भाबी, हा विषय..."

"कोण भरायचं?"

"तुम्ही."

"कधी उघडून वास घेतलास काय, ह्यात भाबीने काय घातलंय?"

स्पीकरमधून एसीचा आवाज येत होता. कुवेतला गार होतं.

"माझ्या कोंबड्या नेल्या त्यांनी. चप्पल नेली. मी दगड मारते, शिव्या घालते, उद्यापण घालीन. समोरून मारलं तर त्यांना पळता येतं. पण माझ्या हाताची सवय हाय म्हणून माझ्या हाताने वाढायचं, आणि त्यात मरण घालायचं? तू मला घरचं समजतोस तो ह्याच कामासाठी काय?"

"जनावरं आहेत ती, भाबी."

"मीपण. ग्रुपवर बघितलं सगळ्यांनी."

मागे जमलेल्यांत एकतीसपैकी निदान नऊ जण होते. सगळे जमिनीकडे बघायला लागले. आमच्याकडे जांभ्यात बघण्यासारखं फार काही नसतं, तरी बघत होते.

अम्मीने डबा पायरीवर ठेवला. मग टाचा उंचावून चाव्यांचा जुडगा कॅमेऱ्याच्या पट्टीला अडकवला. चाव्या बरोबर भिंगासमोर लोंबायला लागल्या.

"भाबी, मला काही दिसत नाय. चाव्या दिसतायत फक्त."

"तेवढंच तुला बघायचं होतं," अम्मी म्हणाली आणि वळली.

आम्ही फाटकापाशी पोचतो न पोचतो तर मागे डबा घसटल्याचा आवाज आला. कोल्हीण आली होती. वेळ झाली होती, आवाज ऐकला होता, तिचं काही चुकलं नव्हतं. तिने झाकणाला दात लावला आणि तंदुरी मसाल्यातल्या चार तंगड्या, एकेक करून, डाव्या सिंहाखाली नेल्या. चार पिल्लं, चार तंगड्या. औषध उमेरच्या खिशात होतं. चाव्यांच्या फटीतून चाचा विचारत होते, "कोण हाय? भाबी? घेताय काय तुम्ही?"

माझा फोन वाजला. 'माणूस आढळला'.

दुसऱ्या दिवशी उमेर शिडी घेऊन आला, चाव्या काढल्या आणि कॅमेऱ्याला म्हणाला, "मामू, काम मी करतो. फक्त तुम्ही कॅमेरा बंद करा."

"का?"

मी बाहेर उभा होतो. मीच सांगितलं. "चाचा, औषध ठेवणाऱ्याचं थोबाड तारीख वेळेसकट त्यात येणार. औषध ठेवायला सांगितलंत तो तुमचा आवाजपण त्यात आहे. कंपनी तीस दिवस ठेवते. तुम्हीच तो जास्तीचा प्लॅन घेतलाय."

बराच वेळ एसी ऐकू आला.

"कॅमेरा बंद केला," चाचा शेवटी म्हणाले, "तर उमेर औषध ठेवतो की नाय ते मला दिसणार कसं?"

"फोटो पाठवतो ना मामू."

"फोटो कोणीपण पाठवतं."

"मग मी काय कॅमेऱ्यात थोबाड देऊन बसू तिथे? माझं दुकान हाय, मामू. लायसनचं हाय."

"म्हणजे माझ्यासाठी तू एवढं करणार नाय."

"तुम्ही माझ्यासाठी कॅमेरा बंद करणार नाय."

ही चर्चा पाऊण तास चालली. सगळा मोहल्ला ओट्यांवर बसून ऐकत होता. कोणीतरी चहा केला. दोघांपैकी कोणीही कोल्ह्यांचं नाव काढेनासं झालं, मग शेवटी उमेर चावी खिशात घालून हातखंब्याला निघून गेला. बाटली त्याच्या गाडीच्या डिकीत महिनाभर होती असं ऐकतो.

मंगनी सावर्ड्याला हॉल घेऊन झाली. आम्हाला पत्रिका ग्रुपवर आली. अम्मीने ती मोठी करून बघितली आणि म्हणाली, "छपाई चांगली हाय."

आता चावी उमेरकडे आहे. तो आठवड्यातून एकदा येतो, कुलूप ओढून बघतो आणि जातो. लोबान नाही, खिडक्या नाहीत. मोटारीचा टायमर मात्र चालू आहे, कारण तो बंद कुठे करायचा ते उमेरला माहीत नाही आणि मला कोणी विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी टाकी भरते, भरून वाहते, कातळावर पसरते. पिल्लं त्यात नाचतात. एक तर आता डाव्या सिंहाच्या पायांमध्ये बसतं, सिंहापेक्षा जास्त रुबाबात. फाटकाला कुलूप आहे. ते आम्हाला लागू आहे.

चाचा कुवेतमध्ये सगळ्यांना सांगतात की बंगला बंद असला तरी वर्दळ असते, दिवसातून सात आठ वेळा मोबाईल सांगतो, माणूस आढळला, माणूस आढळला.

आम्ही त्या वेळेला विहिरीवर असतो.