अठ्ठावीसची लेन्स

"ही बॅग तुमच्या दुकानातली आहे ना?" बाईंनी विचारलं. काळी कॅनव्हासची बॅग त्यांनी काउंटरच्या काचेवर ठेवली होती, पण पट्टा हातातून सोडला नव्हता.

भीमरावांनी बॅग बघताक्षणी ओळखली. मागे एकदा पट्टा उसवला तेव्हा त्यांनीच तो बाजूच्या चांभाराकडून शिवून दिला होता.

"राजसची," ते म्हणाले.

"मी त्याची आई. सुनेत्रा."

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्या फोटोच्या सामानाच्या दुकानात भीमराव एकवीस वर्षं उभे होते. मालक मुकेशशेठ गल्ल्यावर बसत, पण गिऱ्हाईक आत आलं की हाक मारत, "भीमराव किधर है?" कारण कुणाच्या हातात काय द्यायचं हे भीमरावांनाच कळायचं. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याला ते झटकन फोकस धरणारी कॅमेऱ्याची बॉडी आणि पस्तीस-सत्तरची लेन्स देत. मांडवात मागे सरकायला जागा नसते. बारवी धरणावर पाखरं टिपणाऱ्या एका डॉक्टरला त्यांनी मोठी टेली लेन्स दिली, आणि बजावलं की हिला हलकी बॉडी लावू नका, तोंड खाली जाईल. स्टुडिओवाल्याला चेहऱ्यांसाठी पंच्याऐंशीची. आधी ते एवढंच विचारत, "फोटो कसले काढणार?" उत्तर ऐकल्याशिवाय ते कपाट उघडत नसत.

तीन वर्षांपूर्वी, दोन हजार तीनच्या दिवाळीत, राजस आला होता. अंबरनाथचा, बाविशीचा, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. त्याला सत्तर-तीनशेची, लांबचं जवळ दाखवणारी लेन्स हवी होती.

"फोटो कसले काढणार?"

"माणसांचे, काका. एमआयडीसीतले कामगार, नाक्यावर कामासाठी उभ्या राहतात त्या बायका..."

"मग ही कशाला? ही पाखरांना. पाखरू जवळ गेलं की उडतं. माणूस काय उडत नाय."

"मला लांबूनच काढायचेत. जवळ जायला जमत नाही मला."

भीमरावांनी ती लेन्स कपाटात परत ठेवली आणि अठ्ठावीसची काढली. जुनी, पण काच एकदम स्वच्छ. "ही घे. हिच्यात माणूस मोठा पायजे असेल तर आपल्याला पुढं जायला लागतं. जाशील बरोबर. लेन्सच नेईल तुला."

राजस ती घेऊन गेला. मग दर महिन्याला फोटो दाखवायला येऊ लागला. पहिल्या खेपेला माणसं लहान, पाठमोरी. हळूहळू ती वळली, मोठी झाली. वर्षभरात राजस डोळ्यांत बघून बोलायला लागला. मग एका वर्तमानपत्रानं त्याला कामावर घेतलं. पेढे त्यानं आधी भीमरावांना दिले, मग शेठना.

यंदाच्या मार्चमध्ये अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्याला आग लागली. बाकीचे फोटोग्राफर लांबच्या लेन्स लावून गेटबाहेर थांबले. राजस, अडकलेल्यांना काढायला धावलेल्या कामगारांच्या मागोमाग आत गेला. एक पिंप फुटलं.

बातमी वाचली त्या संध्याकाळी भीमराव बेलवलीला घरी आले आणि बायकोला, काशीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आग काय तुम्ही लावली? मग कशाला जिवाला लावून घेता? जाऊन भेटून तरी या त्यांना." ते गेले नाहीत. आठ महिने गेले नाहीत.

"विकायचीय का, ताई?" भीमरावांनी आता विचारलं.

"नाही. एकच विचारायचंय." सुनेत्राबाईंनी चेन उघडली. "ह्यात लांबची लेन्स नाहीये. त्याच्या बरोबरचा मुलगा म्हणाला, ती असती तर राजस गेटवरच थांबला असता. पण तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मला तर तो सांगून निघाला होता, लांबची आणायला चाललोय म्हणून. मग का नाही आणली?"

शेठनी मान वर केली. त्यांना सगळं ठाऊक होतं. "मॅडम, तब स्टॉकमध्ये नसेल," ते घाईनं म्हणाले. "दिवाली का टाइम था ना. भीमराव, नव्हती ना?"

भीमरावांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही.

"होती," ते म्हणाले. "दोन होत्या. मीच नाय दिली. जवळ जा म्हणून सांगितलं त्याला."

सुनेत्राबाईंनी बॅग जवळ ओढली. मग चेन लावून म्हणाल्या, "रविवारी घरी या. ह्यांनाही ऐकू दे."

"मत जाना," त्या गेल्यावर शेठ म्हणाले. "क्या फायदा?"

रविवारी भीमराव अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन अंबरनाथला गेले. राजसचे वडील चिंतामणी एका कारखान्यात अधिकारी होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आतून एक खोका आणून पलंगावर फोटो मांडायला लागले. भट्टीजवळचा माणूस, त्याच्या भुवया जळालेल्या. तोंडावर हात धरून हसणारी नाक्यावरची बाई. डबा खाता खाता कॅमेऱ्यापुढे घास धरणारा एक म्हातारा.

"हा तीन फुटांवरून काढलाय," भीमरावांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"तीन फूट?"

"जास्तीत जास्त. हिच्यात लांबून असा येतच नाय."

चिंतामणींनी चष्मा काढून हातात धरला. "पाहुणे आले की मोरीत जाऊन बसायचा हा. दहावीपर्यंत. आतून कडी लावून. आणि हा अनोळखी माणूस त्याला घास देतोय."

"साहेब, मी ती लांबची दिली असती तर..."

"तर आज तो असता," सुनेत्राबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आणि हे फोटो नसते. कळतं मला. येणारे सगळे हेच सांगतात, काय सुंदर फोटो आहेत. मला फोटो नको होते हो भीमराव. मला मोरीत बसणारा चालला असता."

पलंगावरचा एक फोटो पंख्याच्या वाऱ्यानं खाली पडला. चिंतामणींनी तो उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

भीमराव उठले. माफी मागायची असं घरून ठरवून आले होते, पण त्या वाक्यानंतर तो शब्द काढणं त्यांना लाजिरवाणं वाटलं. ते दारात चपला शोधू लागले.

"बसा," सुनेत्राबाई म्हणाल्या. "चहा टाकलाय."

त्या तीन कप घेऊन आल्या आणि स्वतःही समोर बसल्या. चहात साखर घालायची राहून गेली होती. चिंतामणींनी घोट घेतला, भीमरावांनी घेतला, मग सुनेत्राबाईंनीही. तिघांनी कप संपवले.