आधी खडकाला विचार

पायाला भिंगरी बांधूनच जन्मली म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. पण आज आईच्या ऑफिसातल्या चाकाच्या खुर्चीनंही तिच्यापुढे हात टेकले होते. दर मिनिटाला ती खिडकीपर्यंत घरंगळत जायची, परत यायची, आणि संगणकाच्या पडद्यावर तेच: नवीन चित्र दोन वाजता.

चूक तिचीच होती. बाबा मोजणीदार, त्यांचा नि सोबत्यांचा तंबू हिमनदीच्या तोंडाशी, जिथं ती खाली संपते तिथं. ही हिमनदी वर्षानुवर्षं अजगरासारखी सुस्त पडून असते, आणि मग एखाद्या वर्षी काय अंगात येतं कोण जाणे, वर्षांची वाट आठवड्यांत कापते. तिच्यावर नजर ठेवणं हे आईचं काम. उपग्रहानं बारा दिवसांच्या अंतरानं काढलेली दोन चित्रं घ्यायची, बर्फातली एकच भेग दोन्हींत हुडकायची आणि ती किती सरकली ते मोजायचं. भिंगरी ते सुट्टीत शिकली आणि काल, आई मीटिंगमध्ये असताना, तिनं मोजलं. दोनशे मीटर! तिनं थेट बाबांना फोन लावला. बाबांनी निम्मी उपकरणं तिथंच टाकून तंबू उचलला आणि वरचा चढ गाठला.

आईनं आल्यावर एकच विचारलं, "खडकाला विचारलंस?"

त्या खोलीतला तो पहिला नियम. बर्फावर विश्वास ठेवण्याआधी शेजारचा खडक मोजायचा. तो शून्य आला तरच पुढे. भिंगरीनं मोजला. खडकही एकशे नव्वद मीटर सरकलेला. एक चित्र पूर्वेकडून टिपलेलं, दुसरं पश्चिमेकडून, आणि तिनं त्यांचीच जोडी लावली होती. बघायची बाजू बदलली की डोंगरसुद्धा कलतात.

बाबा फोनवर पोट धरून हसले. "लेकी, तंबूची दोरी कशाला बांधू आता? खडकच पळतोय." मग म्हणाले, "उपकरणं खाली उघडी पडलीत. उद्या जेवून अडीचला उतरतो आम्ही."

भिंगरीला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न. चूक झाली, मान्य. पण हिमनदी हललीच नाही, हे तरी कुणी मोजलं होतं?

दोन वाजता चित्र आलं. यावेळी तिनं जोडी लावली ती बारा दिवसांपूर्वीच्या, त्याच बाजूनं टिपलेल्या चित्राशी. ती आधी खडकाकडे गेली. शून्य. दुसरा खडक, शून्य. तिसराही. मग बर्फ. तोंडाशी शून्य. तिचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात ती वर सरकली. मधोमध चाळीस मीटर. एरवी तिथं बारा दिवसांत अर्धा मीटर.

आई मागे येऊन उभी होती. तिनं स्वतः मोजलं. अडीचला पाच कमी. फोन तिनं लेकीपुढे सरकवला. "तूच सांग."

"बोला," बाबा म्हणाले. "आज कोण पळतंय?"

"खडक जागेवर आहेत, बाबा. तीन मोजले. बर्फ वरून निघालाय, खाली अजून पोचला नाही. उतरू नका."

पलीकडे ताटांचा आवाज थांबला.

"उपकरणं, गं?"

"राहू द्या."

"आईनं मोजलं?"

"तिनंही. आधी मी."

बाबांचा आवाज फोनपासून लांब गेला. "बूट काढा रे. कुणी उतरत नाही."

भिंगरीनं फोन ठेवला. टेबलाखाली तिचा पाय अजून हलतच होता. तिनं खुर्ची पडद्याकडे ओढली आणि चौथा खडक मोजायला घेतला.